सँडहिल्समधल्या वासरांचा हंगाम: प्रकल्प नोंदी, २०२५

२४ फेब्रुवारी

प्रकल्प काय आहे ते आधी लिहून ठेवते. ठिकाण अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य, त्यातला सँडहिल्स नावाचा पट्टा. क्षेत्रफळ पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मराठवाड्यापेक्षा थोडं कमी. जमीन म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या. गवताच्या मुळांनी धरून ठेवल्यात म्हणून जागेवर आहेत. नांगर घातला की वाळू चालायला लागते. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे ६४० एकरांचे तुकडे मिळायला लागले, तेव्हा शेती करायला आलेल्या अनेकांनी नांगरून पाहिलं आणि काही वर्षांत चंबूगबाळं आवरलं. तेव्हापासून हा मुलूख कुरणाचा आणि गुरांचा. राज्यात माणसं वीस लाख, गुरं साठ लाखांच्या वर.

आमच्या रँचवर अँगस जातीच्या साडेतीनशेच्या आसपास गाई. दूध विकायचं नाही, बैल जुंपायचे नाहीत. गायीकडून वर्षाला एक वासरू घ्यायचं आणि ते सहा-सात महिन्यांचं झालं की विकायचं, एवढाच धंदा. पुढे ते फीडलॉटवाल्याकडे मक्यावर वाढतं आणि तिथून मांसासाठी जातं.

माझी कामं दोन. एक, विणीच्या हंगामात 'सँडहिल्स काव्हिंग सिस्टिम' (वासरांना हगवण लागू नये म्हणून गाभण गाई नव्या कुरणांत हलवत नेण्याची पद्धत) तारखेनिशी राबवायची आणि नोंदी ठेवायच्या. दोन, मालकांच्या खिशातल्या लाल वह्या संगणकावर उतरवायच्या. इथला प्रत्येक रँचर शर्टाच्या खिशात अशी वही ठेवतो: गायीचा नंबर, व्याल्याची तारीख, वासरू नर की मादी, काही झालं असेल तर दोन शब्द. मालकांकडे वडिलांच्या काळापासूनच्या वह्या बुटांच्या खोक्यांत आहेत.

मी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची पदवीधर. इथे प्रशिक्षणार्थी. इथला परवाना नाही, त्यामुळे डॉक्टर म्हणून काही करायचं नाही, रँचवरचा माणूस जे करतो ते करायचं. ते बरंच असतं.

२ मार्च

सकाळी उणे चौदा सेल्सियस. हिवाळ्यात गाई उभ्या वाळलेल्या गवतावरच असतात, वरून आठवड्यातून तीन वेळा 'केक'. केक म्हणजे अंगठ्याएवढ्या जाड दाबलेल्या कांड्या, मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याच्या. आपल्याकडची सरकी पेंड जे करते तेच इथे केक करतो. वाळलेल्या गवतात प्रथिनं पाच-सहा टक्केच, तेवढ्यावर पोटातले जिवाणू नीट काम करत नाहीत आणि गवत पोटात नुसतं पडून राहतं. थोडं प्रथिन दिलं की तेच गवत अंगी लागतं. म्हणजे खाऊ घालायचं जिवाणूंना, गाय आपोआप खाते.

पिकअपचा भोंगा वाजवला की टेकडीमागून साडेतीनशे काळी गुरं पळत येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडीतच बसून राहिले होते.

आज सगळ्यांची अंगलट पाहिली. इथे एक ते नऊ गुण देतात, व्यायच्या वेळी पाच हवेत. पाठीचे मणके दिसतात का, शेपटीच्या मुळाशी मांस किती, बरगड्या मोजता येतात का. शेवटच्या दोन बरगड्या दिसणं चालतं. मागच्या तरुण गाईंपैकी काही चारवर आहेत. त्यांना वेगळं काढलं, केक वाढवला.

९ मार्च

पहिलारू कालवडी मोठ्या कळपाच्या तीनेक आठवडे आधी व्यायला लावलेल्या असतात, म्हणजे त्यांच्याकडे नीट लक्ष देता येतं. त्या घराजवळच्या आवारात. दर दोन-तीन तासांनी चक्कर. रात्रीच्या चकरा मी आणि मालकांची मुलगी वाटून घेतो.

एक गंमत शिकले. कालवडींना वैरण सकाळी न घालता संध्याकाळी अंधार पडायच्या सुमारास घातली की बऱ्याचशा दिवसा वितात. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या गस कोनेफल नावाच्या पशुपालकाच्या हे लक्षात आलं, पुढे विद्यापीठांनी तपासलं आणि खरं निघालं. मी परभणीला प्रसूतिशास्त्राचा पेपर दिला, त्यात हे नव्हतं. गावी आईला सांगितलं तर म्हणाली, "आपल्या गाईला कधीही घाल, ती रात्री दोनलाच वितेय."

१४ मार्च

रात्री अडीच. एका कालवडीची पाण्याची पिशवी फुटून तास उलटला, एकच खूर बाहेर. हात घातला तर दुसरा पुढचा पाय गुडघ्यात मागे दुमडलेला, डोकं मात्र सरळ. वासरू थोडं मागे ढकललं, खूर तळहातात झाकून घेतलं (उघडं खूर ओढलं तर गर्भाशय फाटतं) आणि पाय पुढे आणला. मग साखळी: खुराच्या वरच्या सांध्याच्या वर एक फास, खाली दुसरा, म्हणजे जोर एका जागी येऊन हाड मोडत नाही. कळ आली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. आधी एक खांदा, मग दुसरा. मालकांची मुलगी एका साखळीवर, मी दुसऱ्या. वासरू मादी, अडतीस किलो.

ओढायचं यंत्रही भिंतीला टांगलेलं आहे, पण मालकांचं म्हणणं, दोन माणसांच्या ताकदीने येत नसेल तर आत काहीतरी वेगळं आहे, डॉक्टरला फोन लाव. हे मला पटतं. यंत्राला गायीची कळ कळत नाही.

वासरू उभं राहायला उशीर झाला म्हणून कालवडीला खोड्यात घेऊन चीक काढला आणि नळीने पोटात सोडला. गायीच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक प्रथिनं मिळतच नाहीत, जे मिळायचं ते चिकातून. आतड्याची ते शोषायची ताकद तासातासाने कमी होत जाते आणि चोवीस तासांत दार बंद होतं. म्हणून वहीत व्याल्याच्या वेळेशेजारी चीक प्यायल्याची वेळ लिहायचा नवा रकाना मी पाडला. मालकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आज सकाळी स्वतःच्या वहीत तसाच रकाना आखला.

२२ मार्च

गारठ्याचा पाऊस, मग बर्फ. कोरड्या थंडीत वासरू तगतं, ओलं झालं की नाही. एक सापडलं तेव्हा तोंड आतून गार, चोखायची ओढ नाही. न्हाणीच्या टबात कोमट पाण्यात घातलं, मालकीणबाईंनी केस वाळवायच्या यंत्राने कोरडं केलं, मग चीक पावडर. दुपारी उभं. आजोबांनी (मालकांचे वडील) मार्च २०१९ च्या वादळाची गोष्ट सांगितली: पश्चिमेला हिमवादळ, पूर्वेला पूर, नवजात वासरं दोन्हीकडे गेली. त्या वर्षीची लाल वही मी अजून उघडलेली नाही.

३० मार्च

मोठ्या कळपातली पहिली गाय व्याली. वळू गेल्या वर्षी २० जूनला सोडले होते. गायीचे गाभणपणाचे दिवस २८३. हिशेब नेमका आजचाच येतो. मला फार आनंद झाला, मालक म्हणाले, "कॅलेंडर चालतं अजून."

१३ एप्रिल

प्रकल्पातला महत्त्वाचा दिवस म्हणून सविस्तर.

वासरांना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हगवण लागते. रोटा आणि कोरोना विषाणू, ई. कोलाय, क्रिप्टोस्पोरिडियम, कधी दोन-तीन एकत्र. हे जंतू मोठ्या गाईंमध्येही थोडे असतातच, गाईला काही होत नाही. हंगामात आधी जन्मलेल्या वासराच्या पोटात थोडे जंतू जातात, तिथे ते अफाट वाढतात आणि शेणातून जमिनीवर पडतात. ते वासरू कदाचित आजारीही पडत नाही. पण महिन्याने जन्मणारं वासरू त्याच जमिनीवर पडतं, पहिल्याच दिवशी. म्हणून एकाच कुरणात सगळा कळप व्याला की आजार हंगामाच्या शेवटी उफाळतो. गोठ्यातली जुनी शहाणी माणसं वासरू वेगळं बांधतात, त्यामागचं कारण हेच असावं.

यावर औषध शोधण्याऐवजी नेब्रास्का-लिंकन विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला फाटकं वापरायला सांगितली. पहिल्या कुरणात दोन आठवडे गाई व्यायच्या. मग ज्या व्याल्या नाहीत त्यांना दुसऱ्या, न वापरलेल्या कुरणात न्यायचं. व्यालेल्या गाई वासरांसह मागेच. त्यानंतर दर आठवड्याला हेच. प्रत्येक कुरणातली वासरं वयाने आठवड्याभराच्या आतबाहेर, आणि शेवटच्या वासरालाही पहिल्यासारखीच स्वच्छ जमीन. सगळ्यात लहान वासरू चार आठवड्यांचं झालं की गट एकत्र करायला हरकत नाही.

याच्या उलट करणं, म्हणजे जोड्या (गाय आणि वासरू) उचलून पुढे नेणं, हा लोकांचा नैसर्गिक कल असतो, कारण गाभण गाई घराजवळ राहाव्यात असं वाटतं. पण जोड्या हलवल्या तर घाण झालेली जमीन गाभण गाईंच्याच वाट्याला राहते. शिवाय जोडी हलवताना वासरं मागे राहतात, गाई परत फिरतात, सगळा गोंधळ. आज केकची गाडी पुढे, फाटक उघडं. पोट घेऊन फिरणाऱ्या गाई गाडीमागे चालत आल्या, व्यालेल्या वासराजवळून हलल्या नाहीत. एक व्यालेली गाय केकच्या मोहाने आली, फाटकाशी पोचल्यावर तिला वासरू आठवलं आणि ती धूम परत. घोड्यावर दोघे, मी पायी फाटकात, दोन तासांत काम झालं.

कुरण क्रमांक १ मध्ये सध्या हगवणीचं एकही वासरू नाही. खरी परीक्षा मे महिन्यात.

१८ एप्रिल

एका गाईचं वासरू मेलं, नाळ गळ्याभोवती असावी. दुसऱ्या गाईला जुळं, आणि ती एकालाच जवळ घेईना. मालकांनी मेलेल्या वासराचं कातडं काढलं, पायांना चार भोकं पाडून सदऱ्यासारखं जुळ्यातल्या एकाला चढवलं. गाय हुंगते, तिचाच वास, चाटायला लागते. तीन-चार दिवसांनी कातडं उतरवायचं. आमच्या गावी वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईसमोर ठेवत, पान्हा यावा म्हणून. मालकांना ते सांगितलं. त्यांना तो पेंढा खटकला: "आणि ते दूध कोण पितं?" मी म्हटलं, आम्ही. थोडा वेळ दोघेही गप्प कामाला लागलो.

संध्याकाळी गाय आणि जुळ्यातलं वासरू ठीक. वासरू पित होतं, शेपटी हलत होती.

२७ एप्रिल

पाचवं नाही, चौथं कुरण चालू. आठवड्याचा दिवस हलला की सगळं घसरतं. मागच्या रविवारी शेजाऱ्याकडे लग्न होतं, तरी पहाटे आधी गाई हलवल्या.

वह्यांचं काम पुढे गेलंय. मालकांची अक्षरं बरी, आजोबांची भयंकर. जुन्या काळी सगळा कळप ओढ्याकाठच्या एकाच गवताळ रानात वीत असे. त्या वर्षांच्या वह्यांत 'हगवण, गोळी दिली' अशा नोंदी महिना-सव्वा महिना उलटल्यावर सुरू होतात आणि मग पान भरतं. आधी जन्मलेल्यांच्या नावापुढे काही नाही, उशिरा जन्मलेल्यांच्या पुढे आजार. म्हणजे उत्तर त्यांच्याच खिशात होतं. कुणी आडवं मांडून बघितलं नव्हतं इतकंच, आणि एप्रिलच्या रात्री वही मांडायला बसेल कोण?

४ मे

पाचवं कुरण. एक वासरू पातळ हगतंय, डोळे आत, कातडी चिमटीत धरली तर उशिरा सरळ होते. क्षार-पाण्याचं द्रावण दोन वेळा. कुरण क्रमांक ३ मधलं आहे, वय नऊ दिवस. इतर कुणाला नाही.

१२ मे

काल अमेरिकेने मेक्सिकोतून येणारी जिवंत गुरं पुन्हा थांबवली. कारण न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म. ही माशी जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालते, अळ्या जिवंत मांस खातात. नवजात वासराची ओली नाळ ही तिची आवडती जागा. गावाकडे जखमेत किडे पडलेली जनावरं मी टर्पेंटाइन घेऊन पुष्कळ साफ केली आहेत. आपल्याकडची माशी वेगळ्या जातीची असली तरी कारभार तोच. इथल्या तरुण रँचरांनी मात्र ते कधी पाहिलेलंच नाही. अमेरिकेने १९६६ मध्ये देश या माशीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं, पुढे टेक्सासात १९७२ ला मोठा उद्रेक झाला, तोही आवरला. रीत अशी: किरणोत्साराने वांझ केलेले नर कोट्यवधींनी सोडायचे. मादी आयुष्यात एकदाच संग करते, तो वांझाशी झाला की संपलं.

मालकांचा प्रश्न साधा: भावाचं काय? देशात यंदाच्या १ जानेवारीला सगळी मिळून ८ कोटी ६७ लाख गुरं, १९५१ नंतर सगळ्यात कमी. वर मेक्सिकोची वासरं बंद. भाव चढणार. सगळे खूश आहेत आणि सगळे एकमेकांना सांगतायत की खूश होऊ नका.

२४ मे

ब्रँडिंग. आपल्याकडची इर्जिक म्हणावी असाच प्रकार: शेजारपाजारचे रँचर घोडे, दोर घेऊन आले. मजुरी नाही, जेवण आहे, आणि पुढच्या शनिवारी आपण त्यांच्याकडे. घोडेस्वार वासराचे मागचे पाय दोरात धरून हळू ओढत आणतो, खाली दोघे वासरू आडवं धरतात. मग एकाच वेळी लस, नराचं खच्चीकरण, मालकांच्या खुणेचा डाग. मिनिटभरात वासरू उठून आईकडे. लस सात प्रकारच्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंवरची, त्यात फऱ्या आला. फऱ्या हा शब्द मी मनात म्हणते तेव्हा मला मे महिन्यातलं गावचं लसीकरण दिसतं. लाळ्या-खुरकुताची लस इथे देत नाहीत. १९२९ नंतर हा रोग या देशात झालेला नाही, आणि येऊ नये म्हणून विमानतळावर माझ्या बुटांची चौकशी झाली होती.

डाग हे मालकीचं कागदपत्र. राज्याच्या पश्चिमेकडच्या मोठ्या भागात गुरं विकताना डाग तपासणाऱ्या निरीक्षकाची सही लागते. आमच्या गावात डाग देतात तो पोट दुखण्यावर, पाय मुरगळण्यावर उपाय म्हणून, आणि त्यावरून मी गावात भांडणं ओढवून घेतलेली आहेत. इथे लोखंड तापताना माझं तोंड बघून एक शेजारीण म्हणाली, पहिल्या वर्षी मीही मागे जाऊन उभी राहायचे. मी मागे गेले नाही. लस टोचायचं काम माझ्याकडे होतं, मागे जायला वेळच नव्हता.

जेवायला बटाट्याचं सॅलड, बीन्स, पाव, केक (खरा), आणि मांस. माझ्या ताटात काय असतं हे मला नागपूरपासून इथपर्यंत सगळे विचारतात. नोंदवहीत तो रकाना नाही.

२० जून

वळू सोडले, पंचवीस गाईंना एक या हिशेबाने. आधी प्रत्येकाची तपासणी: वीर्य, खूर, डोळे, अंडकोशाचा घेर. एक वळू नापास झाला, दिसायला सगळ्यांत देखणा तोच.

आज हिशेब नीट डोक्यात बसला. वर्षाचे ३६५ दिवस, गाभणपणाचे २८३. उरले ८२. व्याल्यानंतर एवढ्या दिवसांत गाईने गर्भाशय सावरायचं, वासराला पाजायचं, माजावर यायचं आणि गाभण राहायचं. नाही तर पुढच्या वर्षी ती उशिरा वितेल, वासरू उशिराचं म्हणून लहान विकलं जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी उशिरा, आणि मग कधीतरी वळू कळपातून काढल्यावर माजावर येईल. मार्चमध्ये चारवर असलेल्या तरुण गाईंना जास्त केक का दिला, त्याचं उत्तर जूनमध्ये मिळतं. इथे गुरं सांभाळतात त्यापेक्षा तारखा जास्त सांभाळतात. आईने फोनवर विचारलं, एवढ्या गाईंची धार कोण काढतं? कुणी नाही, सगळं दूध वासराचं. तिला ते पटलं, आणि मग म्हणाली, "मग त्यांच्या हातात काय राहतं?"

हगवणीचा अंतिम हिशेब: मोजकी वासरं आजारी, हगवणीने एकही मेलं नाही. एका हंगामावरून निष्कर्ष काढत नाही. पण वह्यांच्या शेजारी ठेवला की हा हंगाम वेगळा दिसतो.

१५ जुलै

गवताची तारीख. इथल्या उन्हाळी गवताची बहुतेक वाढ जुलैच्या मध्यापर्यंत होऊन जाते. त्यानंतर पाऊस आला तरी गवत हिरवं राहतं, वाढत नाही. म्हणून कुरण पुरेल की नाही हे ऑगस्टमध्ये नाही, आत्ता ठरवायचं. आज टेकड्यांवर फिरलो, सँड ब्लूस्टेम, प्रेरी सँडरीड, लिटल ब्लूस्टेम ओळखायला शिकले. निम्मं गवत उभं राहिलं पाहिजे, नाही तर वारा वाळू उघडी पाडतो. अशा उघड्या खड्ड्याला ब्लोआउट म्हणतात. उत्तरेकडच्या टेकडीवर एक आहे. आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी तिथे कुजकं गवत पसरलं होतं, अजून पूर्ण भरलेला नाही. गाय-वासराच्या जोडीला उन्हाळ्याच्या पाच महिन्यांना दहा-बारा एकर लागतात. आमच्या गायरानात दहा एकरांवर गावातली निम्मी गुरं असतात, त्यामुळे हा आकडा मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा चुकला असेल असं वाटून पुन्हा विचारला होता.

खाली ओढ्याकाठी गवत कापणी जोरात. गोल गाठी, प्रत्येकी साडेपाचशे-सहाशे किलो. ट्रॅक्टर मी चालवत नाही, मोजते.

३ ऑगस्ट

पश्चिमेकडच्या कुरणातला हौद अर्धा रिकामा. पवनचक्की फिरत होती, पाणी येत नव्हतं. पंपाच्या चामड्याच्या वाट्या झिजल्या होत्या. या उन्हात जोडीला दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी लागतं आणि दुसरं पाणी दोन मैलांवर. गवत कमी पडलं तर आठवडे मिळतात, पाणी गेलं तर एक दिवस. मालक आणि मी नळ्या वर ओढल्या, वाट्या बदलल्या, संध्याकाळी पाणी. जमिनीखाली ओगालाला नावाचा प्रचंड जलसाठा आहे, काही खोलगट जागी तर तो वर येऊन तळी झाल्यात. पाण्यावर उभं राहून पाण्याची चिंता.

मेक्सिकोची सीमा ७ जुलैला थोडी उघडली होती, दोन दिवसांत परत बंद झाली. भाव अजून वर.

८ ऑक्टोबर

गाभण तपासणी. डॉक्टर सकाळी सातला आले, खांद्यापर्यंत हातमोजा. गाई एकामागून एक खोड्यात. डॉक्टर ओरडतात, मी लिहिते: गाभण, गाभण, उशिराची, गाभण, भाकड. भाकडच्या कानात वेगळ्या रंगाचा बिल्ला. मार्चमधल्या त्या चारच्या गाईंपैकी बऱ्याच राहिल्या, दोन भाकड निघाल्या. एक नऊ वर्षांची गाय, आजवर कधी चुकली नव्हती, यंदा भाकड. मालकांनी वही काढून तिची पानं चाळली, मग बिल्ला मारला.

भाकड गाय इथे हिवाळाभर ठेवत नाहीत, महिन्याच्या आत बाजारात. आमच्याकडे उलटं. १९७६ च्या कायद्यात गाय होती, २०१५ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात बैल आणि वळूही आले, त्यामुळे काम संपलेलं जनावर विकायची वाट बंद आणि सांभाळायचा खर्च शेतकऱ्याच्या दावणीला. दुष्काळात तो खर्च कोण देतो, याचं उत्तर मी चारा छावण्यांमध्ये काम करताना पाहिलं आहे, ते फार देखणं नाही. इथलं उत्तरही मला सोपं जात नाही. नऊ वर्षांची ती गाय चालताना मान डावीकडे झुकवायची, मला तिचा नंबर पाठ होता. डॉक्टरांच्या हाताखाली पुढची गाय आली होती.

१६ ऑक्टोबर

वासरं आईपासून तोडली. कुंपणाच्या एका बाजूला गाई, दुसऱ्या बाजूला वासरं, मध्ये तारा. एकमेकांना बघू शकतात, हुंगू शकतात, पिता येत नाही. एकदम दूर नेण्यापेक्षा या पद्धतीत वासरं कमी फिरतात, लवकर खायला लागतात, आजारी कमी पडतात. पण तीन रात्री सगळं रान हंबरतं. घरातल्या कुणाला झोप नाही. चौथ्या दिवशी सकाळी आधी गाई चरायला निघून गेल्या.

२९ ऑक्टोबर

वासरं गेली. पहाटे ट्रक, डाग निरीक्षक, मग लिलावाचं आवार. नर वासरं सरासरी अडीचशे किलोच्या आसपास, माद्या थोड्या हलक्या. भाव शंभर पौंडांमागे बोलतात. हलक्या वासराला पौंडामागे जास्त, जडाला कमी, कारण हलक्यात अजून वाढ शिल्लक आहे. प्रवासात पोट रिकामं होऊन वजन घटतं. रँचवर वजन करून विकलं तर घेणारा दोन-तीन टक्के कापून धरतो. परभणीच्या मोंढ्यात कडता कापताना माझे वडील जे तोंड करायचे तेच तोंड मालकांनी केलं. लिलाव मात्र आनंदाचा झाला. माझ्या डोळ्यांसमोर एक गट पंधरा सेकंदांत विकला गेला, आणि त्यात जुळ्यातलं ते वासरूही होतं, पाठीवर कुठलंच कातडं नसलेलं, इतरांसारखंच काळं.

वर्षाची सगळी कमाई या एका दुपारी. मालक बँकेत जाऊन आले आणि येताना वायर आणि खिळे घेऊन आले.

१० नोव्हेंबर

पुढच्या हंगामासाठी ठरलेलं. यंदा ज्या कुरणात शेवटच्या गाई व्याल्या तिथे पुढच्या वर्षी पहिल्या गाई न्यायच्या नाहीत. क्रम त्या बेताने लावला आहे. कुरण क्रमांक ५ आणि ६ मधलं फाटक कोपऱ्यात आहे, गाई कोपऱ्यात कोंडतात. ते मधे हलवायचं, जमीन गोठायच्या आत खड्डे खणायचे. चिकाची पावडर दुप्पट मागवायची. वळूंपैकी तीन बदलायचे, कालवडींसाठी हलकी वासरं देणारे दोन हवेत. चीक प्यायल्याच्या वेळेचा रकाना छापील वहीत नाही, म्हणून मालकीणबाई शिक्का बनवून घेणार आहेत. आजोबांच्या अजून दोन खोक्यांतल्या वह्या उरल्या आहेत. २०१९ ची आज उघडली. पहिल्या पानावर बर्फाची जाडी इंचांत लिहिलेली, नंतरची तीन पानं नुसते नंबर आणि फुल्या. आजोबा उद्या शेजारी बसून फुल्या कशाच्या ते सांगणार आहेत.